ओल्या भूमीचे मौन

उन्हाळ्याच्या तोंडी आपल्या गावांतून पाणाड्या हिंडत असे. कोठे कोठे तो अजूनही हिंडतो. उंबराची बेचक्याची काठी हातात धरून किंवा तळहातावर नारळ ठेवून तो शेतातून चालत जाई, आणि काठी वळली किंवा नारळ उभा राहिला की तेथे पायाने रेघ मारून ‘येथे खणा’ असे सांगे. त्याच शेतात आता दुसरी माणसे येतात. ती लोखंडाच्या चार खुंट्या एका ओळीत जमिनीत ठोकतात, त्यांना तारा जोडतात, पेटीतील वीज जमिनीतून खेळवतात आणि यंत्रावरचा आकडा वहीत टिपून घेतात. खुंट्यांमधील अंतर वाढवीत नेले म्हणजे वीज अधिकाधिक खोलातून जाते, आणि खालचा कातळ कोठे भेगाळलेला व पाण्याने भरलेला असावा, याचा अंदाज त्या आकड्यांवरून बांधता येतो. पाणाड्याच्या काठीत काय सामर्थ्य आहे, हा वाद आम्ही आज उकरून काढणार नाही. चार खुंट्यांच्या विद्येला मात्र पदार्थविज्ञानाचा भक्कम आधार आहे, आणि ही विद्या पाऊणशेहून अधिक वर्षे इतिहास-संशोधकांच्याही हाती आहे. न खणता भूमीच्या पोटातील गोष्ट जाणून घेण्याच्या या विद्येला भूभौतिक सर्वेक्षण असे म्हणतात.

इतिहास-संशोधकाला हिची गरज का भासावी, हे प्रथम पाहू. उत्खनन हे अशा पोथीचे वाचन आहे की जिचे पान एकदा वाचले की ते नाहीसे होते. वरचा थर काढल्याखेरीज खालचा दिसत नाही, आणि काढलेला थर पुन्हा जागेवर बसवता येत नाही. शिवाय उत्खननाला पैसा लागतो, माणसे लागतात, वर्षे लागतात. म्हणून कुदळ मारण्यापूर्वी कोठे मारावी आणि कोठे मारू नये, हे कळले तर ते हवेच असते.

या कामाचा आरंभ इंग्लंडात झाला. १९४६ साली रिचर्ड अ‍ॅट्‌किन्सन यांनी टेम्स नदीकाठच्या डॉर्चेस्टर येथे जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून, वरून काहीही न दिसणाऱ्या प्राचीन चरांचा माग काढला. यातील तत्त्व सोपे आहे. जमिनीतून वीज वाहते ती मुख्यतः तिच्यातील ओलाव्यातून आणि त्यात विरघळलेल्या क्षारांतून. पूर्वी खणलेला आणि पुढे गाळाने भरलेला चर भोवतालच्या जमिनीपेक्षा अधिक ओल धरतो, म्हणून तेथे वीज सहज जाते. दगडी भिंतीचा पाया कोरडा असतो, म्हणून तेथे ती अडखळते. पुढे १९५८ साली ऑक्सफर्डच्या मार्टिन एट्‌किन यांनी पीटरबरो शहराच्या पश्चिमेस वॉटर न्यूटन येथे चुंबकत्वमापक यंत्र चालवून रोमन काळातील कुंभारांच्या भट्ट्या शोधल्या. माती भाजली म्हणजे तिच्यातील लोहसंयुगांत थोडे चुंबकत्व येते आणि ती निवल्यावरही टिकते. भट्टी विझून सतराशे वर्षे झाली तरी यंत्राच्या लेखी ती विझलेलीच नसते! त्यानंतर भूमीत रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारे रेडारही आले. कोरड्या रानात या तिन्ही साधनांनी केलेली कामगिरी थक्क करणारी आहे. संबंध नगरांचे रस्ते आणि घरांचे चौथरे एकही कुदळ न मारता कागदावर उतरले आहेत.

परंतु आजचा आमचा विषय कोरडे रान हा नाही. ज्या भूमीत ही यंत्रे गोंधळतात, किंबहुना गप्प होतात, त्या भूमीविषयी आम्हाला बोलायचे आहे. आणि दैवाचा खेळ असा की, इतिहासपूर्व काळाची सर्वांत बोलकी साक्ष नेमकी त्याच भूमीत दडलेली आहे.

आपल्याकडील एक उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. घरांच्या जमिनी, चुली, रंगीत भांडी, जळून कोळसा झाल्यामुळे टिकलेले धान्य, मुलांना पुरलेले रांजण असे पुष्कळ काही मिळाले. पण त्या घरांचे खांब? खांबांच्या जागी उरली ती केवळ भोके. लाकूड, दोर, टोपली, कापड, चामडे, म्हणजे रोजच्या संसारातले बहुतेक सारे, आपल्या हवेत आणि मातीत कुजून जाते. दगड, भाजलेली माती आणि धातू एवढेच मागे राहते. एखाद्या घरातील माणसे निघून जावीत आणि आपण केवळ त्यांच्या खापरांवरून त्यांचा स्वभाव ठरवावा, तशी संशोधकाची गत होते.

पाण्याखाली सदैव बुडालेल्या भूमीत असे होत नाही. कुजवण्याचे काम करणाऱ्या बुरशीला आणि बहुतेक जंतूंना प्राणवायू लागतो. साचलेल्या पाण्यात तो जवळजवळ नसतो. जांभळीचे लाकूड विहिरीच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे आपल्याकडील जुनी माणसे सांगतात. त्यातले निम्मे श्रेय जांभळीचे, तर निम्मे पाण्याचे असले पाहिजे. उत्तरेच्या थंड देशांत तर याहून विलक्षण गोष्ट घडते. तेथे तळ्यांच्या आणि दलदलीच्या काठी वाढणारे शेवाळ, लव्हाळे, बोरू मेल्यावर पुरते कुजत नाहीत. ते थरावर थर साचत जातात आणि त्यांची एक काळसर, स्पंजासारखी, पाण्याने ओथंबलेली भूमी तयार होते. तिला पीट म्हणतात. वाळवून जळणासाठी तिचा उपयोग होतो. हा थर वर्षाला मिलिमीटरच्या आसपास वाढतो. पण अशी हजारो वर्षे गेली की त्याची जाडी कित्येक मीटर होते, आणि त्यात पडलेली प्रत्येक वस्तू जशीच्या तशी झाकली जाते.

या भूमीचे महत्त्व प्रथम ध्यानात आले ते स्वित्झर्लंडात. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचे पाणी फार उतरले आणि ओबरमाइलेन या गावाजवळ चिखलात उभ्या ठोकलेल्या असंख्य खुंटांच्या रांगा दिसू लागल्या. फर्डिनांड केलर यांनी त्यांचा अभ्यास करून ही इतिहासपूर्व काळातील वस्ती असल्याचे जगाला सांगितले. ते वृत्त वाचून आर्थर बुलिड नावाच्या इंग्रज तरुणाने, असे काही आपल्या सॉमरसेट परगण्यातही असेल काय, असा ध्यास घेतला. १८९२ साली ग्लॅस्टनबरीजवळच्या एका कुरणात त्याला काही उंचवटे दिसले. बिळे करणाऱ्या लहान प्राण्यांनी तेथे वर काढलेल्या मातीत कोळसा, हाडे आणि खापरे होती. त्या बिळांनी लोहयुगातील एक संपूर्ण गाव दाखवून दिले.

याच सॉमरसेटच्या सखल प्रदेशात १९७० साली एक पीट-कामगार चर साफ करीत असता त्याच्या अवजाराला एक फळी लागली. त्याचे नाव रे स्वीट. फळी विचित्र जागी आहे, हे त्या माणसाने ओळखले, आणि तिचा तुकडा हातोहाती केंब्रिजच्या जॉन कोल्स यांच्यापर्यंत पोहोचला. पुढे जॉन व ब्रायनी कोल्स यांनी अनेक वर्षे तेथे काम केले आणि जे बाहेर आले ते असे : दलदल ओलांडण्यासाठी बांधलेली सुमारे दोन किलोमीटर लांबीची लाकडी पाऊलवाट. ओल्या जमिनीवर लांब दांडकी आडवी टाकलेली, त्यांच्या दोन्ही बाजूंनी तिरपे खुंट ठोकून कात्री केलेली, आणि त्या कात्रीत एकामागे एक फळ्या बसवलेल्या. एका वेळी एकच माणूस चालू शकेल एवढीच ती रुंद. शोधणाऱ्याच्या आडनावावरून तिला ‘स्वीट ट्रॅक’ म्हणतात. गोडीशी तिचा संबंध नाही.

या वाटेचे वय संशोधकांनी झाडांच्या वलयांवरून काढले. ओकच्या फळ्यांतील वलये मोजून असे सिद्ध झाले की, ही झाडे इसवी सनापूर्वी ३८०७ च्या हिवाळ्यात किंवा ३८०६ च्या वसंतात तोडली होती. श्रोत्यांनी क्षणभर थांबून या विधानाचा विचार करावा. ज्या लोकांना लिपी नव्हती, ज्यांच्या राजाचे, देवाचे, भाषेचे नाव आपणास ठाऊक नाही, त्यांनी कोणत्या ऋतूत कुऱ्हाड चालवली हे आपण सांगू शकतो! वाटेच्या कडेला मातीचे भांडे मिळाले, आणि हिरव्या जेडाइट दगडाची गुळगुळीत कुऱ्हाडही मिळाली. तो दगड आल्प्स पर्वतातला. वाट वापरात होती ती जेमतेम दहा-बारा वर्षे. पुढे पाणी आणि बोरू वाढून ती गडप झाली. एखाद्या पिढीच्या आयुष्यातले एक दशक आपल्या हाती यावे, हे इतिहासपूर्व काळात दुसरीकडे क्वचितच घडते.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. केलरच्या खुंटांना अवर्षणाने वर आणले, बुलिडचे गाव बिळांनी दाखवले, स्वीट ट्रॅक एका कामगाराच्या डोळसपणामुळे मिळाला. यांतील पहिले दोन शोध यंत्रांच्या पूर्वीचे आहेत. पण तिसरा तसा नाही. त्याहून बोलके उदाहरण पीटरबरोचे. चुंबकत्वमापकाने पुरातत्त्वातील आपले पहिले यश याच शहराच्या पश्चिमेस १९५८ साली मिळवले, हे वर सांगितलेच आहे. त्याच शहराच्या पूर्व कडेला, फ्लॅग फेन नावाच्या पाणथळीत, काशयुगातील माणसांनी ठोकलेल्या हजारो खुंटांची एक किलोमीटर लांबीची रांग आणि प्रचंड लाकडी चौथरा दडलेला होता. तो १९८२ साली मिळाला. आणि मिळाला कसा, तर फ्रान्सिस प्रायर हे संशोधक नुकत्याच साफ केलेल्या पाटाच्या काठाने चालले असता त्यांच्या पायाला एक लाकूड लागले म्हणून! जवळच्याच मस्ट फार्म येथे १९९९ साली मातीच्या खाणीच्या कडेला डोकावणारे खुंट कोणाच्या तरी नजरेस पडले. पुढील उत्खननात इसवी सनापूर्वी ८५० च्या सुमारास बांधल्यावर वर्षभराच्या आत आगीत कोसळून नदीत पडलेली घरे मिळाली, त्यांतील भांडी, सूत, कापड आणि अर्धवट खाल्लेल्या अन्नासह. यंत्र हाताशी असता शोध लागतो तो ठेच लागून, हे असे का व्हावे?

याचे उत्तर यंत्राच्या स्वभावात आहे. भूभौतिक यंत्र वस्तू पाहत नाही. ते भेद पाहते. भिंत दिसते ती भोवतालच्या मातीहून निराळी म्हणून. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईने लिहिले तर कितीही चांगला चष्मा लावून काय उपयोग? पीटभूमीत नेमके हेच होते. पीटच्या वजनातला बहुतांश भाग पाण्याचा. तिच्यात सहा हजार वर्षे पडून राहिलेल्या लाकडातील पोषक अंश हळूहळू निघून जातो, पेशींचा नाजूक सांगाडा तेवढा उरतो, आणि रिकाम्या जागी पाणीच भरते. अशा लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी असते. वीज विचारते, ‘कोठे ओले, कोठे कोरडे?’ आणि भूमी उत्तर देते, ‘सगळेच ओले.’

चुंबकत्वमापकाची अडचण वेगळी. लाकडाला चुंबकत्व नाही. चूल असेल तर तिची भाजलेली माती बोलेल खरी. परंतु प्राणवायू नसलेल्या पाण्यात लोहाची चुंबकीय संयुगे कालांतराने विरघळतात, आणि वर दोन-तीन मीटर पीट साचली असेल तर उरलेला क्षीण आवाज पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही. अंतर वाढले की चुंबकाचा प्रभाव फार झपाट्याने घटतो, हे शाळेतल्या सुईवरही दिसते.

रेडारकडून अपेक्षा अधिक होती, आणि काही अंशी ती पुरीही झाली. पाण्यात क्षार कमी असतील तर रेडारच्या लहरी पीटमध्ये चांगल्या खोल जातात. क्षार किंवा चिकणमाती असेल तर त्या लौकर विरतात. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ओल्या पीटमध्ये या लहरींचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या आठव्या भागाइतका उरतो. दोनशे मेगाहर्ट्‌झची लहर घेतली तर तिची लांबी तेथे सुमारे अठरा सेंटिमीटर भरते. स्वीट ट्रॅकची फळी जाडीला पाच सेंटिमीटरही नाही. मोठ्या भोकांच्या चाळणीतून तांदूळ निसटावे तशी ती फळी त्या लहरीतून निसटू शकते. लहर बारीक करावी तर ती खोल जात नाही. बरे, एखादे लाकूड दिसलेच, तरी ते माणसाने घडवलेले की वाऱ्याने पाडलेले, हे यंत्र सांगत नाही. आणि पीटभूमीत आपोआप पडलेली झाडे व मुळे रग्गड असतात. या साऱ्या अडचणींवर बोर्नमथ विद्यापीठात २०१० साली एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला गेला, यावरून हा प्रश्न किती बिकट आहे याची कल्पना यावी.

मग ही विद्या पाणथळीत निरुपयोगी समजावी काय? आमचे मत तसे नाही. तिला आजवर विचारलेला प्रश्नच बहुधा चुकीचा होता. फळी कोठे आहे हे तिला विचारू नये. काठ कोठे होता हे विचारावे. पीटखाली चिकणमाती किंवा वाळू असते, आणि त्या दोहोंतील भेद विजेला व रेडारला चांगला कळतो. म्हणून पीटची जाडी जागोजाग मोजता येते. ही जाडी नकाशावर मांडली म्हणजे पीट साचण्यापूर्वीची भूमी डोळ्यांपुढे उभी राहते. येथे तळे होते, येथे त्याचा उथळ काठ, येथे पाण्यातून वर आलेले बेट, येथून ओढा वाहत होता, असे तिचे रूप कळते. माणसे कोठे राहिली असतील, कोठून कोठे त्यांनी वाट बांधली असेल, याचा तर्क मग चालवता येतो. स्वीट ट्रॅक पोल्डनच्या टेकड्यांपासून वेस्टहेच्या बेटाकडे जातो. दोन कोरड्या जागा ठाऊक असल्या तर त्यांना जोडणारी ओली वाट शोधण्याचे क्षेत्र फार आकुंचित होते. अखेरचा निवाडा मात्र साध्या हातगिरमिटाने भोक घेऊन वर आलेल्या मातीनेच करावा लागतो. यंत्राने दिशा दाखवावी आणि गिरमिटाने खात्री करावी, अशी ही जोडी आहे.

याचा सर्वांत भव्य दाखला समुद्रतळाचा आहे. इंग्लंड आणि डेन्मार्क-हॉलंड यांच्यामधील उत्तर समुद्राचा बराच भाग हिमयुगाच्या अखेरीस कोरडी भूमी होता. १९३१ साली ‘कोलिंडा’ नावाच्या मासेमारी जहाजाच्या जाळ्यात पीटचे एक ढेकूळ आले, आणि ते फोडले तो आत सांबरशिंगाचे दातेरी भाल्याचे टोक! पुढे तेल-कंपन्यांनी तेलाच्या शोधासाठी समुद्रतळाची ध्वनितरंगांनी केलेली मोजणी बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी मिळवली, आणि २००७ पर्यंत सुमारे तेवीस हजार चौरस किलोमीटर बुडालेल्या प्रदेशाचा नकाशा तयार केला. त्यात नद्या, सरोवरे, दलदली आणि किनारे स्पष्ट उमटले आहेत. त्या मोजणीत एकही भाला दिसला नाही, पण भालेवाला ज्या देशात राहत होता तो देश दिसला.

हे सारे विद्वानांच्या कुतूहलापुरते असते तर आम्ही येथेच थांबलो असतो. पण या प्रश्नाला घाई आहे, आणि ती का आहे हे यॉर्कशरमधील स्टार कार या स्थळाच्या कथेवरून कळेल. हिमयुग सरल्यावर तेथे एक सरोवर होते, आणि त्याच्या काठी इसवी सनापूर्वी ९३०० ते ८५०० या काळात शिकारी लोक राहत. केंब्रिजचे ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ या तीन हंगामांत तेथे उत्खनन केले. सांबरशिंगाची सुमारे दोनशे दातेरी टोके आणि डोक्यावर बांधण्यासाठी भोके पाडलेली एकवीस सांबरांची कपाळे, असा अपूर्व ठेवा पीटमधून बाहेर आला. उरलेला भाग पीटमध्ये सुरक्षित आहे, पुढील पिढ्या तो अधिक चांगल्या साधनांनी अभ्यासतील, अशा समजुतीने तो तसाच राहिला.

इसवी सन २००० च्या पुढे निकी मिल्नर, शँटल कॉनेलर आणि बॅरी टेलर हे संशोधक तेथे पुन्हा गेले, तेव्हा त्यांना काय आढळले? शेतीसाठी केलेल्या निचऱ्यामुळे जमिनीतील पाण्याची पातळी खाली गेली होती. जेथे सहस्रावधी वर्षे पाणी होते तेथे आता हवा शिरली होती. पीटमधील लोह-गंधकाच्या संयुगाचा प्राणवायूशी संबंध आला की गंधकाम्ल तयार होते. स्टार कारची भूमी त्यायोगे इतकी आंबट झाली होती की हाडांतील चुना विरघळून ती रबरासारखी मऊ झाली, आणि लाकडे दबून पातळ झाली. क्लार्कच्या काळी कणखर निघालेली शिंगे आता हातात धरवत नव्हती. साडेदहा-अकरा हजार वर्षे जे टिकले ते साठ वर्षांत नासत चालले होते. अखेर जे आहे ते तरी वाचून घ्यावे म्हणून २०१३ ते २०१५ या काळात मोठे उत्खनन करावे लागले. त्यातून वस्तीचा विस्तार पूर्वीच्या समजुतीहून कितीतरी मोठा असल्याचे सिद्ध झाले आणि सरोवराच्या काठी घातलेले लाकडी चौथरेही मिळाले. परंतु जे विरघळून गेले त्याची मोजदाद कोण करणार?

याउलट स्वीट ट्रॅकच्या एका पाचशे मीटरच्या तुकड्याची दैवगती बरी. शॅपविक हीथच्या राखीव पाणथळीत पंपाने पाणी सोडून तो तुकडा १९८० नंतरच्या दशकापासून मुद्दाम ओला राखला आहे. ठेवा जमिनीतच ठेवून सांभाळण्याचा हा मार्ग होय. पण त्यासाठी भूमी कोठे ओली आहे आणि कोठे वाळू लागली आहे, यावर सतत पहारा हवा. आणि तेथे विद्युत्‌रोधाचे यंत्र पुन्हा कामास येऊ शकते. पीट वाळली की तिचा रोध बदलतो. म्हणजे ज्या यंत्राला बुडालेली फळी दिसत नाही, तेच त्या फळीवरील संकट ओळखण्यास साहाय्य करू शकते. वैद्याला शरीराच्या आतील प्रत्येक शीर दिसत नाही, पण ज्वर चढला हे तो जाणतो, तसेच हे आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्राच्या उणिवेत नाही. तिचा अर्थ लावणाऱ्या माणसात आहे. १९९० पासून इंग्लंडात बांधकामाला परवानगी देण्यापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी मागण्याचा प्रघात रूढ झाला. हा प्रघात स्तुत्य आहे. पण समजा, एखाद्या पाणथळीत रस्ता किंवा खाण व्हायची आहे. यंत्र फिरवले, कोरा नकाशा आला, आणि कोणी म्हणाले, ‘येथे काही नाही.’ कोरड्या माळावर हे विधान बरेचसे खरे ठरेल. पीटभूमीत त्याचा अर्थ इतकाच की, या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला भूमीने उत्तर दिले नाही. फ्लॅग फेनवरून साठ वेळा यंत्र फिरवून नकाशा कोरा आला असता, तरी त्या हजारो खुंटांतील एकही खुंट कमी झाला नसता. अशा जागी गिरमिटाची भोके, काठांचा नकाशा आणि खणणाऱ्या मजुराचा डोळा यांवाचून निर्णय देणे म्हणजे साक्षीदार मुका आहे म्हणून आरोपीला निर्दोष ठरवण्यासारखे आहे.

हा धडा केवळ पाणथळीपुरता नाही. महाराष्ट्रात दप्तरे चाळणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, आणि त्या परंपरेतील जाणत्यांना हे चांगले ठाऊक आहे की, एखाद्या प्रसंगाचा कागद सापडला नाही एवढ्यावरून तो प्रसंग घडला नाही असे म्हणता येत नाही. आधी विचारावे लागते : असा कागद लिहिला गेला असता काय? लिहिला असता तर वाळवीतून, आगीतून, ओलीतून वाचला असता काय? आणि आम्ही ज्या रुमालात शोधले त्यात तो असण्याचा संभव होता काय? या तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले तरच मौनाला पुरावा म्हणता येईल. गाव, जात, स्त्रिया, अरण्यातील माणसे यांच्याविषयी आपल्या इतिहासाची पाने कोरी दिसतात, तेथेही ही कसोटी लावून पाहावी.

सॉमरसेटच्या त्या फळीवरून सहा हजार वर्षांपूर्वी कोणीतरी, बहुधा हातातील ओझे सांभाळीत, बेटाकडे चालत गेले. ती फळी यंत्राला दिसली नसती. ती दिसली एका मजुराला, आणि त्याने ती फेकून दिली नाही. आपल्याकडेही विहीर खणताना, नदीचा गाळ उपसताना, खाडीकाठी बांध घालताना मजुरांच्या हाती काही ना काही लागत असते. पुढच्या वेळी असे काही आपल्या कानावर आले, तर ते नुसते लाकूड म्हणून चुलीत जाण्यापूर्वी एखाद्या जाणत्या माणसाला दाखवावे, एवढीच आमची श्रोत्यांना विनंती आहे.